पाटी बाहेर ठेवायची

आई,

नाक्यावरच्या आपल्या डॉक्टरला पोलिसांनी नेलं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की पहिल्यापासूनच सांगायला हवं. तक्रार केली ती तुझ्या सुनेने. दादाचं लग्न झालं तेव्हा "हिला तोंडच नाय" म्हणून तू कुरकुरायचीस, तीच. गुडघा दाखवायला गेली होती. तपासण्याच्या नावाखाली त्याने जे केलं ते तिने त्याच दिवशी ठाण्यात जाऊन सांगितलं. तिच्यामागून आणखी काही जणी पुढे आल्या. मीही गेले. चौलहून एसटीने, नवऱ्याला सांगून गेले. आता गुन्हा दाखल झालाय, त्याने जामिनासाठी अर्ज केलाय, आणि बंदरावर लोक म्हणतायत की म्हाताऱ्या माणसाला या वयात कशाला छळता, त्याने आपल्या लोकांना कधी नाडलं नाही. ऐकून माझं डोकं फिरतं. भांडायला जावं तर समोर बसलेल्या निम्म्या बायका त्याच दवाखान्यात जाऊन आलेल्या असतात, आणि त्याच खाली बघतात.

जबाब घेणारी पोलीस बाई घाटावरची, तरुण आणि भली होती. तिने विचारलं, "मॅडम, तुमच्यासोबत आत कोणीच कसं नव्हतं?" आता तिला कुठून सांगायला सुरुवात करू. मासळीची पाटी दवाखान्यात आणायची नाही, हा त्याचा नियम. वासाने बाकीचे पेशंट उठून जातात म्हणायचा. पाटी एकटी सोडली तर मांजरं आणि कावळे काही शिल्लक ठेवणार नाहीत, म्हणून एकीने पायरीवर पाटी राखायची आणि दुसरीने आत जायचं. बाजाराची वाटच दवाखान्यावरून, त्यामुळे दुखणं दाखवायचं ते जाता जाता. दोघी मिळून कोणी कधी आत गेल्याच नाहीत. "मग पाटीशिवाय यायचं ना," ती म्हणाली. बरोबरच बोलली. पण नुसतं पाटीचं कुठे होतं? आपल्या अंगालाच वास येतो असं आपल्याला वाटायचं, म्हणून आपण हात पदराखाली घेऊन बसायचो, आणि "चांगला म्हनून आत तरी घेतो" असं तूच म्हणायचीस. कारखान्याच्या कॉलनीतल्या बायका नवऱ्याला घेऊन आत जायच्या, त्यांना त्याने कधी अडवलं नाही. हे तेव्हा आपल्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही, याची मला भयंकर चीड येते.

माझं लग्न होऊन वर्ष झालेलं. माहेरपणाला आलेय आणि पाठ धरलीय. तू पायरीवर बसलीयस, सुरमईवर ओलं फडकं टाकून. मी आत जाते. तो मला वळायला सांगतो, त्याचा हात पाठीवर राहत नाही, आणि तोंडाने तो सासरच्या वाडीत यंदा सुपारी कशी आहे ते विचारत राहतो. बाहेरून तुझा आवाज येतोय, कोणाशी तरी भावावरून घासाघीस चाललीय. कारखान्याच्या भिंतीपर्यंत चालत आलो तेव्हा मी तुला सांगितलं. काय केलं, कुठे हात लावला, तू काहीही विचारलं नाहीस. "बोलू नको कोनाला. सासरी समजला त घरान घेनार नाय," एवढंच म्हणालीस आणि पाटी डोक्यावर सारखी केलीस.

पुढच्या खेपेला इंजेक्शन होतं. तेव्हा मात्र तू पाटी तशीच पायरीवर सोडलीस आणि माझ्यामागून आत आलीस. "बाई, वास येतो, बाहेर बसा," तो म्हणाला. "येव दे," तू म्हणालीस आणि स्टुलावर बसून राहिलीस. आपण बाहेर आलो तोवर कावळ्यांनी वरची मासळी फोडली होती. बाजारात बायकांनी विचारलं, तर तू म्हणालीस, पोरीला चक्कर येत होती. अगं, सांगायचं होतंस ना त्यांना. माझ्यापुरती आत येऊन बसलीस, बाकीच्या एकेकट्या जातच राहिल्या. सुनेलाही तूच त्या दवाखान्याची वाट दाखवलीस, आणि जाईपर्यंत दर शिमग्याला त्याच्या घरी पापलेटं पोचवलीस. त्याचा वकील नेमकं हेच विचारणार, की एवढं झालं होतं तर आईने मासळी कशी दिली. आणि सरकारी वकील म्हणतात, त्याच दिवशी तुम्ही कोणाला सांगितलं ते कोर्टात आलं तर केसला बळ येईल. म्हणजे तुझं नाव घ्यायलाच हवं. दादा माझ्याशी बोलत नाही. "आय मेली, आता तिला कोर्टान नको वढू," म्हणाला. मी म्हटलं, तुझ्या बायकोला एकटीला उभी करू का. त्यावर उठून गेला.

काल तुझ्या बाजारच्या जोडीदारणीला तिचा नातू रिक्षातून ठाण्यात घेऊन आला. तिलाही जबाब द्यायचा होता. माझा हात धरून बसली आणि म्हणाली, "तुझी आय न मी एकमेकींची पाटी राखायचो. ती आतून आली का गप, मी आली का मी गप. आमाला वाटायचा, आपल्यालाच काय तो भास झाला." तेव्हा मला कळलं, त्या दिवशी भिंतीपाशी तू काहीच का विचारलं नाहीस ते. तुला ठाऊक होतं. माझ्या आधीपासून ठाऊक होतं, आणि तरी मला आत पाठवून तू पाटीपाशी बसलीस.

तुझी सून म्हणते, आता तरी आईंवरचा राग सोडा, त्या बिचाऱ्या काय करणार होत्या. तिचं खरं आहे. मी कोर्टात तुझ्याबद्दल वाकडा शब्द बोलणार नाही. हे पत्रही आजच चुलीत घालणार आहे, त्याच्या वकिलाच्या हाती लागलं तर तो त्याचं काय करील ते मला कळतं. जबाबात मी सगळं सांगितलं, एवढंच सांगितलं नाही, की त्याच्यापेक्षा मला तुझा राग जास्त येतो. त्याच्याकडून मला काही नको होतं.