पूर्ण नावाची हजेरी

कामशेत,
२४ नोव्हेंबर १९४१

प्रिय शालू,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण दुसरं काही सुचेना म्हणून राहू दिलं. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पुण्याची शाळा मोठी आहे, मुली घंटेआधी येऊन बसतात, कुणाला बोलवायला जावं लागत नाही, सगळं वाचलं. आनंद झाला असं लिहिलं तर खोटं होईल. रागात पत्र लिहू नये असं अब्बा सांगायचे, म्हणून इतके दिवस थांबले. राग काही उतरला नाही, तेव्हा रागातच लिहिते.

वडिवळ्याचा आपला बायकांचा वर्ग अजून चालू आहे. भिमाजी आबांनी वर्गाला दिलेली पडवी काढून घेतलेली नाही. भाताची झोडणी चालली आहे, म्हणून दुपारची भाकरी झाल्यावर बसतो. धोंडाबाई अजून 'ख' उलटा काढते आणि पाटीचाच दोष सांगते. सध्या चौतीसजणी येतात. होय, चौतीस. तू गेलीस तेव्हा नऊ होत्या. त्या परत कशा आल्या ते सांगते, पण आधी गेल्या कशा ते ऐक, कारण ते जाणून घ्यायला तू थांबलीच नाहीस.

गेल्या वर्षी कार्तिकात एकेचाळीस बायकांनी नावं दिली होती. महिनाभर पडवीत बसायला जागा पुरत नव्हती. मग वर्गाला गळती लागली. आज दोघी नाहीत, उद्या चौघी. आपण काय काय केलं नाही? वेळ बदलली. तान्ह्या पोरांसाठी आढ्याला झोळ्या बांधल्या. मी घरून गूळ-शेंगदाणे आणले. तू तर दारोदार फिरलीस, दगडधोंड्यांत चप्पल तुटली तरी फिरलीस, ते मी नाकारत नाही. प्रत्येक दारात एकच उत्तर मिळायचं, "काम लय हाय बाई." परत येताना आपण सासवांना बोल लावायचो, भाताच्या आवणीला लावायचो. पौषात कसली आली आवणी? पण तेवढाही विचार आपल्याला सुचला नाही. चैत्रात तू अहवाल लिहिलास, 'येथील स्त्रियांना शिक्षणाची आवड नाही', आणि वैशाखात पुण्याला गेलीस.

नऊजणींना घेऊन मी बसत होते. एके दिवशी हजेरी मांडताना लक्षात आलं, की या नऊजणींत सहा विधवा आहेत, दोघी नवऱ्यानं टाकलेल्या, आणि एक चिंगी, जिचं लग्नच झालेलं नाही. नवऱ्याच्या घरी नांदणारी एकही नव्हती. मी पेन्सिल खाली ठेवली आणि मग जुनी हजेरी उलटत मागे गेले. गळती सुरू झाली तो सोमवार सापडला. वर्गात तीन धोंडाबाई आणि दोन शालूबाई, घोळ होतो, म्हणून तू नवीन पद्धत सुरू केलीस तो सोमवार. प्रत्येकीनं उभं राहायचं, स्वतःचं नाव, नवऱ्याचं नाव आणि आडनाव खणखणीत सांगायचं, मग 'हजर' म्हणायचं. त्यानं वर्गाला शिस्त लागेल आणि बायका टिकतील असं तू म्हणाली होतीस. मीही मान डोलावली होती.

सावित्राबाई आठवते का? आपल्या वर्गातली सगळ्यांत हुशार. बाराखडी तिनं आठ दिवसांत केली होती. त्या सोमवारी ती उभी राहिली आणि पदर दातांत धरून खाली पाहत राहिली. तू तीनदा विचारलंस. मग म्हणालीस, "नाव विसरलात की नवराच विसरलात?" सगळ्या हसल्या. मीही हसले, शालू. ती खाली बसली आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही. ज्येष्ठात ती मला नदीवर धुणं धुताना भेटली. मी सरळ विचारलं, हजेरीमुळं गेलात का? ती दगडावर धुणं आपटत राहिली. मग म्हणाली, "घरात मानूस तापानं फणफणलं व्हतं. वैद्यानं हात टेकलं व्हतं. अन् त्याचं नाव म्या तोंडानं काढायचं? त्याचं काय बरंवाईट झालं असतं, तर शिकून काय चुलीत घालायचं व्हतं?" तिचा नवरा शिदू पुढं बरा झाला. पण त्या दिवशी तो मरणाच्या दारात होता आणि आपण त्याच्या बायकोला हसत होतो.

आता राग कशाचा ते सांगते. ज्याला ठाऊक नाही तो चुकला तर मी समजून घेईन. तुला ठाऊक नव्हतं? दोन वर्षं आपण शेजारी राहिलो. तुझ्या तोंडून नवऱ्यासाठी 'आमच्याकडचे' यापलीकडे शब्द ऐकला नाही. पोस्टात तुझं रजिस्टर पत्र आलं, मास्तरांनी पूर्ण नाव विचारलं, तेव्हा तू मला कोपरानं ढोसलंस आणि तुझ्या नवऱ्याचं नाव, 'महिपती', मी सांगितलं. ट्रेनिंगचा दाखला गाठीला असूनही तुझी जीभ वळली नाही. आणि तीच तू सावित्राबाईला उभी करून विचारत होतीस. कागदावर नवऱ्याचं नाव लिहायची आपल्याला सवय झालेली, त्यामुळे आपल्याला ते नाव घेतल्यासारखं वाटतच नाही. स्वतःला सोडून सगळ्या जगाला शिकवायला निघालो होतो आपण. मीही तसलीच. अकरा वर्षांच्या संसारात मी घरी 'अहो, ऐकलंत का' एवढंच म्हणते. म्हणून काल दार लावून मोठ्यानं म्हणून पाहिलं, बद्रुद्दीन. घाम फुटला. ते बाहेर दुकानात गिऱ्हाइकाला बांगड्या भरत होते, त्यांना काहीही झालं नाही. पण त्यांना ताप असता तर मी म्हटलं नसतं.

उपाय फार सोपा निघाला, त्याचाही राग येतो. शेजारणीचं पूर्ण नाव शेजारणीनं सांगायचं. पोस्टात मी तुझं सांगितलं तसंच. आता हजेरीला हशा पिकतो, पण कुणी कुणाला हसत नाही. एकेक करून परत आल्या. सावित्राबाई शेवटी आली, मी चार वेळा तिच्या दारात गेले तेव्हा. माफी मागितली. तुझ्या वाटची मागितली नाही, ती तुझी तू माग.

आता पत्राचं कारण. गेल्या आठवड्यात पुण्याच्या कचेरीतून हुकूम आला. वडिवळ्याचा वर्ग डिसेंबरअखेर बंद करावा, कारण स्त्रियांना आवड नाही. सोबत तुझ्या अहवालाची नक्कल. मी चौतीसजणींची हजेरी घेऊन स्वतः पुण्याला गेले होते. तुझ्याकडे आले नाही, आले असते तर भांडण झालं असतं. साहेब म्हणाले, अहवाल ट्रेनिंग झालेल्या मुख्य बाईंचा आहे, दुय्यम बाईच्या सांगण्यावरून तो फिरवता येत नाही, ज्यांनी लिहिला त्यांनीच दुरुस्त करावा, पंधरा डिसेंबरच्या आत. म्हणून ती नक्कल सोबत पाठवली आहे. 'आवड नाही' हे शब्द खोड आणि बायका का गेल्या ते तुझ्या हातानं लिही. सोमवारची हजेरी लिही, सावित्राबाईला काय विचारलंस ते लिही, आणि तू स्वतः कुणाचं नाव घेत नाहीस तेही लिही. लिहिताना लाज वाटेल. वाटू दे. तिला चाळीसजणींसमोर वाटली होती.

अजून तरी तुझीच,
जैतुन