बांधाशी वळणारा बँड

आई, आज माझी दोन्ही पोरं पुण्याच्या मैदानावर शाळेच्या बँडात वाजवतायत आणि मी घरी आहे. घरी आहे म्हणजे मला घरी ठेवलंय. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तुला माझा एकही कार्यक्रम बघायचा नसायचा आणि मला माझ्या पोरांचा एकही सोडायचा नसतो, हा आपल्या दोघींतला जुना फरक. तू गेलीस तेव्हा थोरला माझ्या पोटात होता, त्यामुळे तुला यातलं काहीच ठाऊक नाही. सगळं पहिल्यापासून सांगावं लागणार. सांगते, सकाळपासून दुसऱ्या कशात जीवच लागत नाहीये. तांदूळ निवडायला घेतला होता, दोनदा तोच तांदूळ निवडून ठेवून दिला.

थोरला दहावीला आहे, धाकटी नववीला. आमच्या शाळेचं बँडपथक आहे. छोटे ड्रम, बासऱ्या, बिगुल, झांजा, आणि मधोमध एक मोठा ड्रम, तो थोरल्याच्या छातीवर असतो. लांबून बघितलं तर ड्रमला पाय फुटल्यासारखं दिसतं. सगळ्यांच्या पुढे, पितळी मुठीचा दंड हातात घेऊन, एकटी चालते ती धाकटी. तिने दंड वर उचलला की थोरला मोठ्या ड्रमवर दोन ठोके देतो आणि त्या ठोक्यांवर सगळं पथक वळतं. मागच्यांनी विचार करायचा नसतो, पुढे बघायचं नसतं, फक्त ठोका ऐकायचा. सरांनी दंड तिच्याकडे दिला तेव्हा पालकांच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "पोरगी फुडं? मोठ्या शाळांम्होरं हसं व्हईल आपलं." मी उठून उभी राहिले. म्हटलं, "तुमच्या पोराला डावा पाय कुठला ते अजून शेजारच्याला इचारावं लागतंय. माझी पोरगी फुडंच चालंल." बैठक तिथंच संपली. बोलायला मी कधी कमी नव्हते, हे तुला मी सांगायला नको.

यंदा पथक स्पर्धेत उतरणार होतं आणि अडचण सरावाच्या मैदानाची होती. तुझ्या कामथडीला सगळं सपाट, तिथं पोरं कुठंही पळतात. आमची वाडी मार्गासनीच्या वर, डोंगराच्या अंगाला, आणि शाळेचं मैदान असं उतरतं की चेंडू सुटला तर थेट ओढ्यात सापडतो. तिथं ओळ सरळ राहीच ना. मग मी सरांना म्हटलं, आमचं वरचं खाचर घ्या. भात निघालं की दर वर्षी त्या ओलीवर आम्ही हरभरा टाकतो. यंदा मी टाकू दिला नाही. हे म्हणाले, "हरबरा खायाचा का ड्रम खायाचा?" मी म्हटलं, "यंदा ड्रम खायाचा." पुढे महिनाभर ते जेवताना ताटात काहीतरी शोधल्यासारखं करायचे. पण रोज संध्याकाळी खाचरात बँड घुमायला लागला आणि बांधाबांधाने माणसं येऊन उभी राहू लागली, तेव्हा हेच सगळ्यांना सांगायला लागले की रान आमचंय. भाताची धसकटं पायाला टोचतात म्हणून पोरं गुडघे उंच उचलून चालायला शिकली. सर म्हणाले, हे मला चार वर्षांत शिकवता आलं नव्हतं.

आणि मी बसायचे पलीकडच्या बांधावर, चहाची किटली आणि पोह्यांचं पातेलं घेऊन. पथक खालच्या बांधावरून निघतं, वाजत वाजत माझ्याकडे येतं, माझ्यापुढे चार पावलांवर धाकटी दंड उचलते, थोरला दोन ठोके देतो आणि सगळे वळून परत जातात. मला ते फार आवडायचं. सबंध बँड जणू मला भेटायला येतोय. एखाद्याचा पाय चुकला तर मी बसल्या जागेवरून ओरडायचे. सर बिचारे काही बोलायचे नाहीत, पोहे माझे होते.

तू असं काही केलं नाहीस. गॅदरिंगच्या दिवशी तू माझ्या वेण्या इतक्या घट्ट बांधायचीस की भुवया वर जायच्या. कानामागे काजळाचा ठिपका लावायचीस आणि म्हणायचीस, "जा." मी लेझमीत पहिल्या ओळीत. बाकीच्यांच्या आया पटांगणात पोत्यांवर बसलेल्या, कडेवरच्या पोरांना बोट दाखवून सांगतायत, ती बघ आपली ताई. तू घरी. कधी गुरांचं निमित्त, कधी चुलीचं, आणि फारच मागे लागले तर, "आईचीच नजर आदी लागती." एकदा मी बक्षिसाचं तांब्याभांडं घेऊन घरी आले आणि चिडून ते तुझ्यापुढे आपटलं. म्हटलं, सगळ्यांनी बघितलं, तूच नाही. तू भाकरी थापत होतीस. हात न थांबवता म्हणालीस, "तू माझ्यासाटी नाचतीस का गुरुजींनी शिकवलं म्हणून नाचतीस?" त्या प्रश्नाचा मला भयंकर राग आला. मी तेव्हाच ठरवलं की माझी पोरं जिथं उभी राहतील तिथं मी पहिल्या रांगेत असेन. ठरवलं तसं केलं. मी ठरवलेलं करते.

तर स्पर्धेची भोरची फेरी. टेम्पो मी ठरवला, पांढऱ्या मोज्यांच्या जोड्या मी मोजून घेतल्या, टोप्यांचे तुरे मी सरळ केले. मैदान केवढं मोठं! एका टोकाला प्रवेश, दुसऱ्या टोकाला परीक्षकांचं टेबल. तिथपर्यंत जायचं, सलामी द्यायची, मग वळायचं. बायकांना बसायला मागे मांडव होता. मांडवात बसायला मी आले नव्हते. बाजूच्या दोरीपाशी, मैदानाच्या साधारण मध्यावर, बघायला बसलेल्या पोरांना सरकवून मी जागा केली आणि खाली बैठक मारली. आमचं पथक आत आलं आणि मांडवातला आवाजच गेला. गुडघे काय, ओळी काय! विंझरची एक बाई मला ओळखत नसताना म्हणाली, "कुठली वो ही शाळा?" मी म्हटलं, "आमची." धाकटी जवळ येते, आणखी जवळ येते, तिची नजर माझ्यावर पडते, आणि माझ्यापुढे चार पावलांवर ती दंड उचलते. थोरला दोन ठोके देतो. सगळं पथक वळतं, एकाचाही पाय न चुकता, परीक्षकांकडे पाठ करून. टेबल अजून निम्मं मैदान लांब होतं.

मांडवातून हसू आलं ते मला अजून ऐकू येतं. मी उभी राहून ओरडत होते, "अगं फुडं! फुडं!" तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जागच्या जागी पाय आपटत सगळ्यांना थांबवलं, पुन्हा दंड उचलला, पुन्हा वळली, टेबलापर्यंत गेली, सलामी दिली. दुसरा नंबर आला आणि पहिले दोन पुण्याला जाणार होते, म्हणून निभावलं. पण सर परतीच्या वाटेवर तिला म्हणाले, तेही चिडून नाही, "बाळ, पुण्यात असं झालं तर पुढच्या वर्षी दंड दुसऱ्याकडं द्यावा लागंल मला." ती नुसती मान हलवत राहिली. बैठकीतले ते गृहस्थ टेम्पोत समोरच बसले होते. गालातल्या गालात हसत राहिले, आणि मला पहिल्यांदाच त्यांना काही सुनावता आलं नाही.

घरी आल्यावर मी थोरल्याला धरलं. "तुला दिसत व्हतं ना टेबल लांब हाय ते? मग ठोके का दिलेस?" तो म्हणाला, "दंड वर गेला की ठोका द्यायाचा. ती चुकली म्हणून म्या न्हाई दिला आसता, तर निम्मी पोरं वळली आसती आन निम्मी फुडं गेली आसती. मंग खरी शोभा झाली आसती." मला त्याचा अभिमानच वाटला, पण तो दाखवायची ती वेळ नव्हती. धाकटी ओट्यावर बूट सोडत होती. मान खाली घालूनच म्हणाली, "आई, पुण्याला तू येऊ नको."

मी म्हटलं, "का? मी काय केलं?"

"काय न्हाई केलं. तू दिसलीस की मला बांध आल्यावानी वाटलं. रोज तुझ्यापाशीच वळतो ना आमी." मग बुटाची नाडी बोटाला गुंडाळत म्हणाली, "तू आसलीस की मला मैदान तिथंच संपल्यावानी वाटतं, आई."

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोलले नाही. हरभरा बुडवला मी, पोहे माझे, बांध माझा, आणि मलाच येऊ नको म्हणतेय. मांडवात मागे बसते म्हटलं, तोंड झाकून बसते म्हटलं. ती म्हणाली, "तू गप बसायची न्हाईस, आन आवाज मला वळकू येतो." हे खरं होतं. शेवटी ह्यांनीच मला समजावलं. म्हणाले, "मी जातो. मला बघून कोन वळत न्हाई." ह्यांचा स्वभावच असा, दुःखाच्या वेळी नेमकं हसवतात.

आज उजाडताना टेम्पो गेला. मी तिची वेणी घातली, टोपी दिली आणि म्हणाले, "जा." तेवढंच म्हणाले. आणि टेम्पो वळणाआड गेल्यावर अंगणात उभी राहून मला तू आठवलीस. मला वाटायचं तू घरी राहायचीस म्हणजे तुला बरं असायचं. भाकरी थापतेय, गुरं बघतेय, मजेत आहे. आई, घरी बसणं किती कठीण आहे गं! तिथं असलं की निदान ओरडता तरी येतं. इथं मी सकाळपासून मनातल्या मनात ते मैदान चालतेय, आणि दर वेळी मध्यावर आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तुझं ते नजरेचं मला अजून पटत नाही, उगाच पटलं म्हणणार नाही. पण तू मजेत नव्हतीस एवढं आज कळलं.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. सरांच्या मोबाईलवरून धाकटी.

"आई, गेले गं मी."

"टेबलापातूर?"

"पार टेबलापातूर. सलामी दिली, मंगच वळले. दादाचे ठोके तर आसे वाजले, बाबा रडले."

"बरं झालं मंग, मी न्हाई आले ते."

"व्हय." मागे पोरांचा गलका चालला होता. मला वाटलं तिने ठेवलाच. मग ती हळूच म्हणाली, "सगळं झाल्यावर मी तुला हुडकत व्हते. तू न्हाईस ते ठावं व्हतं, तरी दोरीपाशी जाऊन हुडकलं. दादा हसला मला." मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात, "ठेवते, सर फोन मागत्यात," म्हणून तिने ठेवलासुद्धा.

मग मी ओट्यावर बसून रडले. चांगलं रडले, शेजारीण डोकावून गेली तरी थांबले नाही. आनंदाचं होतं आणि दुसरंही काही होतं, ते तुला वेगळं करून सांगत बसत नाही. हे पत्र घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवणार आहे, पाठवायला तुझा पत्ता कुठं आहे? ह्यांच्या हाती लागलं तर हसतील. फक्त एक गोष्ट तुलाच सांगते, गावात कुणाला सांगायची माझी छाती नाही. माझ्या पोरांचे नंबर रस्त्यात थांबवून लोकांना ऐकवणारी बाई मी, आणि आज नंबर कितवा आला ते विचारायचंच माझ्याकडून राहिलं.