पार्सलमधले काळे तीळ

कॉव्हेंट्री,
पौष शुद्ध एकादशी

प्रिय वैभवी,

अनेक आशीर्वाद.

तू साउथहॅम्प्टनहून पाठवलेले पार्सल मार्गशीर्षात पोहोचले, तेव्हा मी ते दारातच, उभ्याउभ्या उघडले. सर्वांत वर काळे तीळ होते. ते पाहून मला भरून आले. तुझ्या आईचे वर्षश्राद्ध जवळ आले आहे आणि तर्पणाला काळे तीळ लागतात, हे मी न सांगता तुझ्या ध्यानात राहिले, असे मी समजलो. त्याच भरात तुला फोन केला. तू हसलीस. "अहो बाबा, ते किडनीसाठी आहेत! भाजून रोज एक चमचा खायचे. खाली कागद आहे ना, तो वाचा."

कागद वाचला. तुझ्या चिनी वैद्यबाईंच्या मते हिवाळा हा मूत्रपिंडांचा ऋतू आणि शक्तीच्या साठवणीचा काळ. लवकर निजावे, सूर्य वर आल्यावर उठावे, कंबर व पावले उबदार ठेवावीत. कच्चे, गार काही खाऊ नये. अक्रोड खावेत, आल्याचे कढण घ्यावे. घाम येईल असे श्रम टाळावेत आणि फार बोलू नये. शास्त्र म्हणून मला त्यात वावगे काही दिसले नाही. हेमंतात स्निग्ध, उष्ण खावे, असे आपल्याकडेही सांगितले आहे. तुझी आई दर थंडीत डिंकाचे लाडू वळून तुझ्याकडे धाडत असे आणि "फार हेवी होतात गं" म्हणत तू ते ऑफिसात वाटून टाकत असस. तिला ते ठाऊक होते. मी चिडलो की ती म्हणे, "वाटेना का! कुणाच्या तरी पोटात जातात ना? तुमचं व्याकरण खाऊन थोडीच थंडी जाते!"

मी सारे नियम पाळले. फार बोलू नये, हा तर सर्वांत सोपा निघाला.

मग तू कळवलेस, "विंटरमध्ये ट्रॅव्हल नको, बाबा. तुम्हीही दगदग करू नका. ईस्टरच्या सुट्टीत सगळे मिळून नीट करू." तिथी ही दंतवैद्याची अपॉइंटमेंट नव्हे, हे माझ्या ओठांवर आले होते, मी ते गिळले. तुझीच प्रकृती नाजूक असेल आणि त्या बाईंनी तुला प्रवास वर्ज्य केला असेल, असे मानून मी काळजी करत बसलो. गेल्या रविवारी साराचा फोन आला. "आजोबा, आम्ही उद्या आल्प्सला स्कीइंगला जाणार! ममीने माझा नवीन टोपी घेतला!" आयुष्यात प्रथमच मी नातीचे वाक्य सुधारले नाही. परत कधी येणार, एवढेच विचारले. "शनिवारी," ती म्हणाली. तुझ्या आईची तिथी, दशमी, मंगळवारी होती. आईसाठी अडीच तासांचा मोटारप्रवास तुमच्या मूत्रपिंडांना सोसत नाही आणि बर्फाचा डोंगर सोसतो, हे कोणत्या वैद्यकात बसते, ते त्या बाईंना माझ्या वतीने विचार.

काल मी श्राद्ध केले. देवळातले गुरुजी आले होते. आपले जुने शेजारी काशीनाथराव आणि देविकावहिनी जेवायला होते. पान वाढताच वहिनींनी विचारले, "वैभवी नाही आली?" जन्मभर मी इतरांची वाक्ये तपासली, काल एक स्वतः रचले. तिला सणसणून ताप आहे, डॉक्टरांनी घराबाहेर पडू दिले नाही, असे सांगितले. वहिनींनी त्यावर विश्वास ठेवला, डोळे पुसले आणि तुझ्यासाठी खीर काढून ठेवायला लावली. त्या पुढच्या आठवड्यात तुझ्या चौकशीसाठी फोन करणार आहेत. एरवी हे पत्र मी लिहिले नसते. फोनवर मला हे बोलता येणार नाही. तू परतशील तेव्हा ते दाराशी पडलेले असेल. ताप उतरला, अशक्तपणा मात्र आहे, असे वहिनींना सांग. आणि बर्फातली छायाचित्रे इतक्यात कोणाला दाखवू नकोस.

तुझाच,
बाबा