नऊ किलोपेक्षा कमी नसावे

तीर्थस्वरूप कैलाशमामांना,

आसगावहून धनंजयचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे आई ठीक आहे, म्हैस ठीक आहे आणि मी आहे. जवाहरनगरला तुमच्या क्वार्टरमध्ये नळाला धार येते का आणि यशोदामामींचा गुडघा काय म्हणतो, ते कळवावं. दोन वर्षं फोन न करणाऱ्या भाच्याला आज पत्र कसं सुचलं, असं तुम्ही म्हणाल. फोनवर तुम्ही हसाल आणि मला ते ऐकावं लागेल, म्हणून पत्र. तुमच्या हर्षाच्या लग्नात तुम्ही मला चारचौघांत म्हणाला होता, "अबे बाबू, मशीन मांगून बनव. पहिले त्या हापिसातल्या लोकांपाशी जाऊन बसत जा." मी तेव्हा तुम्हाला सुनावलं की तंत्रज्ञान स्वतःच्या गुणांवर चालतं, युनियनगिरीवर नाही. (फॅक्टरीच्या बसथांब्यावरचं टिनाचं छप्पर तुम्ही अकरा महिने एका केबिनबाहेर बसून मिळवलंत, हे मला ठाऊक होतं. पावसात त्याच्याखाली उभा राहूनही मला अक्कल आली नाही.)

मी यंत्र का केलं ते तुम्हाला माहीत आहे, तरी पुन्हा लिहितो, तेवढाच राग उतरतो. आईनं खरेदी केंद्रावर धान नेलं. तिथला ग्रेडर तेजराम दाणा दाताखाली धरतो आणि निकाल देतो. "धान ओला हाय बाई, वाळवून आना." आईनं परत आणलं, अंगणात चार दिवस पसरलं, पुन्हा नेलं, पुन्हा ओलं. तिसऱ्या खेपेला तिनं विचारलं की भाऊ, तुमचे पुढचे दोन दात तर पडलेत, मग तुम्हाले ओलावा समजते कायनं? तो म्हणाला, "मांगच्या दातानं." त्या दिवशी मी पुण्याची नोकरी सोडायची ठरवली. आमचं यंत्र मूठभर दाणे घेतं, मिनिटभरात ओलावा सांगतं आणि आकडा शेतकऱ्याच्या मोबाइलवर धाडतं, म्हणजे मग दातांना बोलायला जागा उरत नाही. जेवणाच्या डब्याएवढं आहे, कुठल्याही आयाबाईला पिशवीत घालून नेता येईल. मी आणि कामिनी (माझ्या कंपनीतली एकुलती एक कर्मचारी) यांनी सहाशे नमुने तपासले. प्रयोगशाळेच्या आकड्याशी एकही भांडला नाही.

मग सरकारचा नियम आला. केंद्रांवर यंत्र सक्तीचं, हे वाचून आम्ही पेढे वाटले. पेढे वाटून झाल्यावर दुसरं पान वाचलं. यंत्राची पेटी निळी असावी, तिला दोन मुठी असाव्यात आणि वजन नऊ किलोपेक्षा कमी नसावे. मामा, यंत्र हलकं करण्यात माझं दीड वर्ष गेलं होतं! आम्ही निळा रंग मारला, मुठी लावल्या आणि आत (हे कुणाला सांगू नका) वीट बसवली. तपासणीत पेटी हलवली तशी वीट खडखडली आणि आम्ही परत आलो. नियमात बसणारं यंत्र अख्ख्या देशात एकच निघालं, बाहेरच्या एका मोठ्या कंपनीचं. ते यायला अजून अवकाश आहे, तोवर तेजरामचा दात चालू ठेवावा, असंही खाली लिहिलं होतं.

मी तणतणत नियम काढणाऱ्या कार्यालयात गेलो. कोणी किती खाल्लं ते शोधायचंच, असं ठरवून गेलो होतो. तिथल्या बाबूनं मला बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "साहेब, कोनी काही खाल्लं नाही. आमाले मशीनमधलं काय समजते? त्या कंपनीचा मानूस वर्षभर येऊन राहिला होता, समजावून सांगत होता. त्यानं सांगितलं तसं लिहिलं. तुमी काहून नाही आले?" मामा, शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. पण या प्रश्नावर मी चहा अर्धाच सोडून उठलो. मी घरात बसून यंत्र करत होतो आणि तो माणूस तिथं बसून नियम करत होता. लाज वाटली, आणि राग कुणावर काढावा ते कळेना.

मग मीही राजकारणात उतरलो. आपल्या भागातले पुढारी हिरामणभाऊ नियमात दुरुस्ती सुचवायला तयार झाले, आणि दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेतल्या नाटकाचं उद्घाटनही त्यांनी कबूल केलं. गावानं पत्रक छापायचं काम माझ्याकडे दिलं, कारण कॉम्प्युटर माझा. पत्रकावर अठ्ठावीस पाहुण्यांची नावं. कुणाचा मान कमी-जास्त होऊ नये म्हणून मी ती अकारविल्हे लावली. (हसू नका.) सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, मंडपवाला अंकुश, आणि लाउडस्पीकरवाल्या सोमाजीच्या खाली, शेवटच्या ओळीत, हिरामणभाऊ. त्यांनी ते पत्रक एसटी स्टँडवर वाचलं. उद्घाटनाला खुर्ची रिकामी राहिली, त्यांचा हार आम्ही हार्मोनियमवाल्याला घातला आणि दुसऱ्या दिवसापासून भाऊंचा फोन माझ्यासाठी बंद झाला. इंजिनिअरिंगला चार वर्षांत हा विषय कोणी शिकवला नाही.

या हंगामात यंत्र केंद्रावर लागलं नाही, तर कंपनी बंद. कामिनीला नागपूरला नोकरी सांगून आली आहे. ती माझ्यासाठी थांबली आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही. आईनं यंदा धान पाच दिवस वाळवलं आणि परवा परत आणलं. पण मामा, तुमच्याकडे काही मागण्यासाठी हे पत्र नाही. वशिला या शब्दाचा मला अजून तिटकाराच आहे. फक्त मन मोकळं केलं. मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
धनंजय

ता.क. नियमासाठी नवी कमिटी बसते आहे आणि तुमच्या युनियनमधले जागेश्वरकाका तिच्यावर आहेत, असं कळलं. सोमवारी पहिल्या बसनं येतो. मला त्यांच्या दाराशी नेऊन बसवा. पुढचं बसणं मी बघतो.

ता.क. २. कमिटीला भाषा सुचत नाही, म्हणून मसुदा सोबत जोडला आहे. वजनाची अट काढली आहे. त्याऐवजी "किमान तीन वर्षे जुन्या कंपनीचेच यंत्र घ्यावे" एवढं घातलं आहे. आमच्या कंपनीला येत्या महिन्यात तीन पूर्ण होतात.

ता.क. ३. लाखांदूरच्या नंदिनी नावाच्या एका मुलीनं असंच यंत्र केलं आहे. मी तपासलं, माझ्यापेक्षा चांगलं आहे, आणि निम्म्या किमतीत. सहा महिन्यांमागं तिनं कंपनी काढली. पुढं काय करू, म्हणून तिनं मला फार आदरानं विचारलं आहे. मी तिला कळवलं की यंत्र उत्तम आहे, घरी बसून ते आणखी सुधारत राहा. जागेश्वरकाकांपाशी तिचं नाव काढू नका.