भट्टीला हात न लावण्याच्या अटीवर

मी, आउने रंताला, कै. आर्वो रंताला यांची विधवा, वय सत्त्याहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त, राहणार हॅनकॉक, मिशिगन, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे. कोणाचे दडपण नाही. माझ्यावर दडपण आणील असे आता कोणी उरलेलेही नाही. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कलम एक. राहते घर, मागच्या अंगणातल्या सौनासह, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरासह, माझी नात सान्नी हिला. ती दुलुथला नर्स आहे.

कलम दोन. बँकेतल्या शिलकीतून आधी माझे दफन, मग तळघरातल्या घर तापवणाऱ्या भट्टीची देखभाल. उरेल ते सान्नीचे. सान्नी, हे नीट वाच. पंखा खडखडला, पेटताना ठिणगी पडली नाही, तर दुरुस्ती कर. दर हिवाळ्यात नवे काहीतरी निघू लागले, तर बदलून टाक. पण निळी ज्योत पिवळी झाली, झरोक्यांभोवती काजळी धरली, घरात डोके दुखते आणि बाहेर पडले की थांबते असे झाले, तर विचार करत बसू नकोस. आधी बाहेर पड, मग फोन कर. आतल्या पेटीला भेग गेली की जळक्या गॅसचा विषारी वायू घरात पसरतो, त्याला वासही नसतो; तिला दुरुस्ती नाही.

हे मला कसे कळले, तेही या कागदावर राहावे.

वीस वर्षांपूर्वीच्या त्या फेब्रुवारीत मी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी इस्पितळात होते. घरी माझी मुलगी हिल्का आणि माझा धाकटा भाऊ ताउनो. सान्नी लहान होती, तिच्या वडिलांकडे गेली होती. हिल्काचा फोन आला.

"आई, फ्लू काही हटत नाही बघ. डोकं नुसतं ठणकतंय. दुकानात गेलं की मात्र बरं वाटतं."

"भट्टी कशी आहे?"

"धाडकन पेटते. मामा म्हणतो, म्हातारी आहे, खोकायचीच."

"मामाचं ऐकू नकोस. लेरॉयला बोलाव."

लेरॉय बुशार, आमच्याकडचा भट्टीवाला, त्याच दुपारी आला. त्याने आरसा धरून भेग दाखवली, गॅस बंद केला, भट्टीवर लाल चिठ्ठी लटकवली आणि ताउनोला बजावले, "ही पेटवायची नाही. नवी बसेपर्यंत दोघं दुसरीकडे राहा."

ताउनो हसला. "नवी विकायची असली की तुम्हाला बरोबर भेग सापडते!"

लेरॉयची गाडी वळणाआड गेली तशी ताउनोने चिठ्ठी काढली, गॅस उघडला आणि भट्टी पेटवली. हिल्का वर अंथरुणात होती. तिला म्हणाला, "बघून गेला तो. आता काळजी नाही, झोप निवांत." आणि गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेला. मुक्काम तिथल्याच खोपटात.

रविवारी सकाळी परतला तेव्हा खिडक्या आतून निथळत होत्या. हिल्का कुशीवर होती, गाल गुलाबी. त्याला वाटले, झोपली आहे. त्याने आधी मासे साफ केले.

हे सगळे मला ताउनोनेच सांगितले. एक शब्द लपवला नाही. तेवढे श्रेय त्याला.

कलम तीन. भाऊ ताउनो निएमेला याने मरेपर्यंत याच घरात, वरच्या मजल्यावर राहावे. मागच्या नाताळात सान्नी मला म्हणाली होती, "मुम्मू, तू गेलीस की त्याला मी एक दिवस ठेवणार नाही." बाळ, त्याला काढू नकोस. अट एकच: भट्टीला त्याने हात लावायचा नाही, तळघराचा जिना उतरायचा नाही. मी त्याला माफ केलेले नाही. माफी माझ्या इस्टेटीत नाही, म्हणून ती कोणाच्या नावे करता येत नाही. पण तो माझ्या आईचा मुलगा आहे आणि त्याला दुसरे छप्पर नाही.

कलम चार. माझ्या नवऱ्याची हत्यारे, जी ताउनो वापरत असे आणि जी मी नंतर कुलपात ठेवली, ती लेरॉयच्या मुलीला. बापाचा धंदा आता ती चालवते. दर शरद ऋतूत तिच्याकडून भट्टी तपासून घ्यावी. तिचा शब्द शेवटचा.

कलम पाच. मला हिल्काशेजारी पुरावे. नंतर सर्वांना कॉफी आणि वेलचीचा पाव द्यावा. पाद्रीबुवांनी "देवाची इच्छा" म्हणू नये. हिल्काच्या वेळी म्हणाले होते. लाल चिठ्ठी देवाने काढली नव्हती.

काल मी तिसरे कलम ताउनोला वाचून दाखवले.

"मला वृद्धाश्रमात टाक, आउने," तो म्हणाला. "ती पोरगी माझं तोंड बघू शकत नाही."

"बघायला शिकेल."

"आणि मी?"

मी कागदाची घडी घातली. त्याने टेबलाची कड धरली. मग म्हणाला, "हिल्काच्या खोलीवरून रोज जावं लागतं गं."

इतक्या वर्षांत हे त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

"मलाही," मी म्हटले.

त्याने बूट चढवले आणि दारातला बर्फ उपसायला गेला. तिसरे कलम मी आहे तसेच ठेवले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, पुन्हा वाचला आणि खालील दोघींच्या समोर सही केली. दोघींना यातून काहीही मिळायचे नाही.

(सही) आउने रंताला

साक्षीदार:
(सही) इर्मा सालमेला, शेजारीण
(सही) डोलोरेस पेरो, ग्रंथपाल

हॅनकॉक, मिशिगन
६ मार्च २०१९