बाजूला न बसलेले महिने

शेळगाव,
६ जानेवारी २०२५

ती. मंदाआत्यास वृषालीचा सा. न. वि. वि.

फोन करत नाही. इथे फोनवरचे बोलणे स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाते. उत्तर अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठव. तिथले टपाल माझ्याच हाती येते.

अंगावर फार जाते म्हणून तुझ्या डॉक्टरीणबाईंनी गर्भनिरोधक गोळ्या दिल्या, खंड न पाडता रोज घ्यायच्या. अंगात रक्त भरेपर्यंत पाळी नकोच, म्हणाल्या. दिग्विजयना हे ठाऊक आहे, सासूबाईंना नाही. आमच्याकडे पाळीत अजून बाजूला बसतात. मी दोन महिने बसले नाही. सासूबाईंनी त्याचा त्यांच्या परीने अर्थ लावला. माझ्या हातातून हंडा घेतला, छकुलीला भाऊ येणार म्हणून सांगून ठेवले. दिग्विजय ताटात बघत राहिले. मीही बोलले नाही.

आणि परवा अंगणवाडीत खिचडी वाढताना लागले. आधी तपकिरी डाग, काल लाल. एकही गोळी चुकलेली नाही. आईचेही असेच सुरू झाले होते ना? मला एवढेच आठवते, की ती परकर धुऊन साडीखाली वाळत घालायची. काल मीही तेच केले. गोळ्या बंद करू का?

लोभ आहेच, भीती जाईपर्यंत तो जरा जास्त असू दे.

तुझी,
वृषाली


बारामती,
९ जानेवारी

चि. सौ. वृषालीस मंदाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र हातात घेऊनच दवाखान्यात गेले. नंबर नसताना आत शिरले. बाहेरच्या बाया अजून मला शिव्या देत असतील. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या अशा अखंड घेताना पहिले काही महिने मधूनच डाग लागणे नेहमीचे आहे. त्याने गोळीचा गुण जात नाही, आणि बहुतेकींचे हळूहळू कमी होते. आपल्या मनाने बंद करू नकोस. मात्र फार जाऊ लागले, पोटात कळा आल्या किंवा चक्कर आली, तर ताबडतोब निघ. एरवीही एकदा तपासायचेच, तुझ्या आईचे ऐकल्यावर त्या तसे म्हणाल्या. दिवस राहिलेले नाहीत ना, तेही बघतील. गुरुवारी ये.

वहिनीला गर्भाशयाचा कॅन्सर होता. तुला कोणी स्पष्ट सांगितले नाही, म्हणून मी लिहिते. पण ती आजाराने गेली त्याआधी लपवण्याने गेली. वर्षभर तिने कोणाला कळू दिले नाही. तू तुझ्या सासूबाईंना, सारजाताईंना सांग. अंगणवाडीत दुसऱ्यांच्या सुनांना शहाणपण शिकवतेस, त्यातले थोडे घरी ने.

छकुलीला पापा. तू इथे पोचेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नाही.

तुझी,
मंदाआत्या


शेळगाव,
१३ जानेवारी

ती. मंदाआत्यास सा. न. वि. वि.

पत्र पोचले. सांगायला म्हणून चुलीपाशी गेले आणि भाकरी थापत बसले. काल माझी वाकळ सासूबाईंनीच उचलली. डाग त्यांना दिसला. ओरडतील असे वाटले होते. त्या खाली बसल्या आणि हळूच विचारले, पडलं का गं. मग स्वतःलाच बोल लावू लागल्या, की पोरीला मळ्यापर्यंत चालू द्यायला नको होते. माझे पाय चेपू लागल्या. ते मला सोसवेना. बाळ नव्हतेच, म्हणून सांगितले. गोळ्यांचे सांगितले. आईचेही सांगितले, डाग लपवत लपवत गेली ते. तेव्हा त्यांचे हात थांबले. उठून गोठ्यात गेल्या. धारेची वेळ नव्हती.

उद्या संक्रांत; सुगडं मी पुजायची की नाही, तेही बोलल्या नाहीत. गुरुवारी दिग्विजय मला घेऊन येतील. डाग अजून आहेत. आत्या, तपासताना तू आत थांब.

आहे तो लोभ हाताशी ठेव.

तुझी,
वृषाली


शेळगाव,
१९ जानेवारी

विहीणबाई मंदाकिनीताईस्नी सारजाचा नमस्कार.

मी चौथीपतुर शिकल्याली, अक्षराला हसू नका. वृषालीचं सगळं बरं निघालं, पिशवी चांगली हाय, म्हनून दिग्विजयनं येऊन सांगितलं. देवापुढं दिवा लावला. तिला आठवडाभर तितंच ठिवून घ्या. गोळ्या खुशाल घिऊ दे. छकुली माज्यापाशी निजती. भाऊ कुठं गेला, इचारती. आजीची चूक झाली, म्हनून सांगितलं.

आता खरं लिवते. माजी पाळी जाऊन लई वर्सं झाली. औंदा दिवाळीपास्नं पुन्यांदा लागतंय. ह्या वयात कुनाला सांगायचं? मी बी परकर साडीखाली वाळत घालते. तिनं तिच्या आईचं सांगितलं आन मला माजाच परकर डोळ्यापुढं आला. मी रागानं न्हवते गेले गोठ्यात.

तुमची डाक्टरीण माजं बगंल का? मला लई भ्या वाटतंय. वृषालीला तुमीच सांगा, मला तोंड न्हाय. फकस्त येवढं बगा, ऐकून तिनं माज्यावानी उठून जाऊ नये.

लोभ हाय तेवढा राहू द्या.

सारजा