टिनाखालची फट

बाबा, कुडव्यातली माझी खोली तुम्ही पाहिली नाही. एका टिनाखाली ओळीनं चार खोल्या आहेत, दोन खोल्यांमध्ये एकच भिंत. शाळेत शिकवून आले की मी परीक्षेच्या अभ्यासाला बसते, आणि नेमका तेव्हाच शेजारच्या काकांचा टीव्ही सुरू होतो. काका तुमच्यासारखेच, राइस मिलमध्ये जन्म काढून त्या धडधडीत कान गमावलेले. हे मला आता माहीत आहे. तेव्हा मी विचारलंसुद्धा नव्हतं. व्हिडिओ पाहून भिंतीला अंड्यांचे ट्रे चिकटवले, वर गोधडी टांगली, तरी बातम्यांचा शब्द न् शब्द ऐकू येत राहिला. मग मी घरमालकाला फोन केला. शांतता हा प्रत्येकाचा हक्क आहे, हेही त्यांना समजावलं.

आठ दिवसांनी काकू दारात आल्या. मालकानं महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितली होती. "बाई, तू शिकलेली आहेस. मालकाले एक अर्ज लिहून दे ना वं. या वयात कुठं जाव आमी?" मी त्यांना पाणी दिलं. "कोन्या मुडद्यानं चुगली केली का मालूम! बुढ्याले आयकू येत नाही, तं का टीव्हीच्या पोटात जाऊन बसल तो?" मी खाली मान घालून अर्ज लिहिला. शिकून गरिबांचे अर्ज लिहून देईन, असं मी तुम्हाला सांगायची. पहिलाच अर्ज माझ्याच तक्रारीविरुद्ध निघाला.

लिहिताना कामठ्याचं आपलं घर आठवत होतं. निकालाचा दिवस. तुम्ही अंगणात तांदूळ पाखडताय आणि मी तुमच्या कानाशी ओरडते, "बाबा, पास झाली!" तुम्ही म्हणता, "का म्हनते?" मी पुन्हा ओरडते. तिसऱ्या वेळी कुंपणापलीकडून शेजारची आजी हाक देते, "अरे, पास झाली पोरगी! साऱ्या गावाले समजलं, तुलेच समजून नाही राहिलं!" तुम्ही हसता, सूप खाली ठेवता. आपल्या घरातून दिवसभर अशीच ओरड चालायची, पण कोणी कधी तक्रार घेऊन आलं नाही. आणि एकदा धानाच्या बांधीतलं पाणी निघून जात होतं, तेव्हा मी कडेच्या सगळ्या धुऱ्यावर, त्या मातीच्या बांधावर, चिखल थापत बसले होते. तुम्ही दुरूनच खेकसलात, "आख्खा धुरा काऊन लिपून राहिली? खेकड्याचं भोक पाय आंधी!"

रविवारी मी स्टुलावर चढून भिंत तशीच, भोक शोधत पाहिली. ती टिनापर्यंत पोचतच नव्हती. वर वीतभर फट होती. आवाज भिंतीतून कमी आणि तिथून जास्त येत होता. काकूंनी आणि मी पोत्यांत जुने कपडे दाबून भरले, ती पोती फटीत ठासली, दोन्हीकडून प्लायची पट्टी ठोकली. त्यांचा टीव्ही मधल्या भिंतीतल्याच फळीवर होता. तो समोरच्या भिंतीकडे स्टुलावर नेला, खाली घडी घातलेलं पोतं टाकलं आणि काकांची खुर्ची अगदी जवळ ओढली. काका चिडले, "मी का आंधळा हाओ?" काकू म्हणाल्या, "आंधळे नाही, बहिरे आहा! बसा चूप!" पण त्यांना निम्म्या आवाजात ऐकू येऊ लागलं. माझ्याकडे आता पुटपुटल्यासारखं येतं. सवय होईल.

मी मालकाला फोन करून आवाज थांबल्याचं सांगितलं, त्यांना राहू द्या म्हटलं. ते म्हणाले, "मैडम, शिकायत तो आपने ही की थी." ती मागे घेते, मी म्हटलं. मग ते म्हणाले, "चलो, रहने दो."

काल काकू वाटीभर भाजी घेऊन आल्या. तुझ्या अर्जानं काम झालं, म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "कोनं चुगली केली होती, मालक बोलला का?" मी म्हटलं, नाही.

हे तुम्हाला या खोलीत समोर सांगायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि मधली भिंत काही तेवढी जाड नाही; म्हणून हे पत्र. उद्या त्यांना खरं सांगेन, असं इथे लिहिणार होते. पण बाबा, मला त्यांची भाजी हवी आहे, दारातलं त्यांचं "बाई" हवं आहे. उद्या मी सांगणार नाही.